पश्चिमेची भिंत

मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या ज्या उपनगरात मी राहतो, तिथे कौन्सिल नवं कम्युनिटी सेंटर बांधत आहे. आपल्याकडे नगरपालिकेचं समाजमंदिर किंवा शादीखाना असतो, साधारण तसंच. सकाळी म्हाताऱ्यांचा व्यायाम, दुपारी शिवणवर्ग, संध्याकाळी पोरांचं कराटे, आणि शुक्रवारी दीड तास हॉल भाड्याने घेऊन आमचा जुमा. आमच्या बाजूला मशीद नाही. त्यामुळे नवी इमारत कशी असावी हे ठरवणाऱ्या सल्लागार समितीवर आमच्या जमातीनेही माणूस द्यावा असं ठरलं, आणि मला पाठवलं. मी चिपळूणकडचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर, आणि मला बैठकीत बसायचा कंटाळा येत नाही. निवडीचं कारण एवढंच.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत विषय निघाला: हॉलच्या मोठ्या भिंतीवर अ‍ॅबोरिजिनल कलाकाराकडून चित्र करून घ्यायचं. त्यासाठी वेगळी रक्कम ठेवलेली होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मी जरा पुढे होऊन म्हणालो, ते ठिपक्यांचं छान असतं, तांबडं-पिवळं, विमानतळावर असतं तसं.

समोर या जमिनीच्या मूळ मालकांच्या, म्हणजे कुलिन लोकांच्या संस्थेतर्फे आलेल्या एक ज्येष्ठ बाई बसल्या होत्या. इथे ज्येष्ठांना सगळेच आँटी किंवा अंकल म्हणतात, आपण खाला, मामू म्हणतो तसं. आँटी शांतपणे म्हणाल्या, "ते ठिपके आमचे नाहीत. ते इथून फार लांबचे."

मला कानकोंडं झालं. घरी येऊन वाचायला बसलो, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. हा लेख त्यातूनच आला आहे. इथे शिकायला, नोकरीला येणारी आपली मुलं वाढत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणीतरी अशाच एखाद्या समितीवर बसेल, आणि माझ्यासारखंच उत्साहाने काहीतरी बोलून जाईल.

आधी ठिपक्यांबद्दल. कॅनव्हासवरची ती शैली पश्चिम वाळवंटातली. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या नावाची तेव्हा सरकारी वसाहत होती. तिथल्या शाळेत १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचे चित्रकलेचे शिक्षक आले. त्यांच्या पुढाकाराने वस्तीतल्या बुजुर्गांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. आधी मुंग्या गोऱ्यांच्या पुस्तकातल्यासारख्या काढल्या होत्या. बार्डन यांनी विचारलं, या तुमच्या मुंग्या आहेत का? मग त्या पुसून त्यांच्या स्वतःच्या खुणांमध्ये, म्हणजे वर्तुळं आणि वळणदार रेघांमध्ये काढल्या गेल्या. पुढे हेच लोक फळ्यांवर आणि कॅनव्हासवर रंगवू लागले. विधींमधल्या ज्या गोष्टी परक्यांनी बघायच्या नसतात त्या सुरुवातीच्या काही चित्रांत आल्या, त्यावरून वस्त्यांमध्ये नाराजी झाली. त्या गोष्टी झाकायला ठिपक्यांचा वापर वाढला असं अनेक अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्याला मी नक्षी समजत होतो तो एका अर्थाने पडदा होता.

आणि ती शाळेची भिंत? ज्या चित्रापासून जगभर गाजलेली एक चळवळ सुरू झाली, त्याच्यावर काही वर्षांतच शाळेच्या डागडुजीत पांढरा रंग मारला गेला. कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

मेलबर्नकडची परंपरा वेगळी. इथे रेघ महत्त्वाची. पोसम नावाच्या झाडावरच्या प्राण्याची कातडी शिवून पांघरुणं करत, त्यांच्या आतल्या बाजूला कोरून रेघांची नक्षी काढत. ढालींवर, झाडांच्या खोडांवर तीच नक्षी. लेक कोंडाहचं १८७२ साली मिळालेलं असं एक पांघरूण मेलबर्न म्युझियमकडे आहे. एकोणिसाव्या शतकातली अशी पांघरुणं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वुरुंजेरी लोकांचे नेते विल्यम बराक यांनी म्हातारपणी काढलेल्या चित्रांत माणसं हीच पांघरुणं घेऊन उभी दिसतात, रेघारेघांची. बराक १९०३ साली वारले. ते ज्या भूमीबद्दल आयुष्यभर भांडले, तिथल्या समितीत बसून मी दोन हजार किलोमीटरवरचे ठिपके मागत होतो.

मला हे नवीन वाटायला नको होतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर, पालिकेच्या शौचालयावर, लग्नपत्रिकेवर वारली चित्रं पाहिलेली असतात. त्यातली किती वारली माणसांनी काढलेली असतात, हा प्रश्न मला चिपळुणात कधी पडला नव्हता. मेलबर्नला यावं लागलं.

आता मुद्द्याचं बोलतो. सार्वजनिक इमारतीसाठी अ‍ॅबोरिजिनल कलाकाराला काम देणं हे फर्निचर मागवण्यासारखं नाही, हे सगळेच मान्य करतात. पण कागद मात्र फर्निचर मागवल्यासारखेच बनतात. आमच्या कामाच्या मसुद्यात भिंतीचं माप होतं, रंग किती वर्षं टिकावा हे होतं, आणि शेवटी एक ओळ होती: कलाकाराने स्थानिक ज्येष्ठांशी सल्लामसलत करावी. त्या ओळीसमोर पैशाचा आकडा नव्हता. इमारतीच्या आर्किटेक्टला प्रत्येक बैठकीचे पैसे मिळत होते. माती तपासणाऱ्यालाही मिळत होते. आणि ज्या आँटींनी दोन गाड्या बदलून येऊन, कोणती गोष्ट भिंतीवर सांगता येईल आणि कोणती नाही हे चार घरांत विचारून यायचं, त्यांचं मानधन कलाकाराने आपल्या फीमधून द्यावं अशी अपेक्षा होती. मी बांधकामातला माणूस आहे. ज्या कामाला बिलात ओळ नसते ते काम होत नाही, किंवा कोणाच्या तरी पोटाला चिमटा काढून होतं. परवानगी मागणं हे काम आहे. त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. उत्तर 'नाही' आलं तरी द्यायला हवेत.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, कलाकाराने सही केली की झालं, मध्ये इतके लोक कशाला? प्रश्न सरळ आहे आणि ऑस्ट्रेलियाला त्याचं उत्तर शोधायला बरीच वर्षं लागली.

१९६६ साली नवी एक डॉलरची नोट निघाली. तिच्यावर आर्नहेम लँडच्या डेव्हिड मलांगी यांच्या झाडाच्या सालीवरच्या चित्रातली आकृती होती. मलांगींना कोणी विचारलंच नव्हतं. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. देशाच्या नोटेवर माणसाचं चित्र, आणि माणसाच्या हातात गळ! १९८८ साली दहा डॉलरच्या नोटेवर टेरी युंबुलुल यांनी केलेला पहाटताऱ्याचा खांब आला. हा खांब मृत्यूच्या विधीत वापरतात. या वेळी सही होती, एका एजन्सीमार्फत करार झाला होता. पण घराण्यातल्या लोकांनी युंबुलुल यांनाच जाब विचारला: हे असं नोटेवर द्यायचा हक्क तुला कोणी दिला? ते कोर्टात गेले. १९९१ साली निकाल विरुद्ध गेला. न्यायाधीशांनी एवढं मान्य केलं की अशा बाबतीत सगळ्या समूहाचा जो हक्क असतो, तो ओळखायला कायदा पुरेसा नाही.

मग १९९८ चा जॉन बुलुन बुलुन यांचा खटला. त्यांच्या चित्राची नक्कल एका कापड कंपनीने केली होती. कोर्टाने म्हटलं की चित्राचा मालक कलाकारच, सगळं घराणं मालक नाही. मात्र ते चित्र ज्या ज्ञानातून आलं ते घराण्याचं आहे, म्हणून त्याचा वापर करताना घराण्याच्या हिताला बाध येऊ न देणं हे कलाकाराचं विश्वस्त म्हणून कर्तव्य आहे.

त्या गृहस्थांना हे समजावताना माझी दमछाक झाली, पण आपल्या जमातीत सांगितलं तेव्हा एका वाक्यात कळलं. वक्फच्या मुतवल्लीसारखं. कागदावर सही त्याची चालते, व्यवहार तोच बघतो, पण मिळकत त्याच्या बापाची नसते. मुतवल्लीची सही आहे म्हणून वक्फची जागा घेणाऱ्याबद्दल आपण काय बोलतो ते आठवा. म्हणूनच कलाकाराच्या मागे कोण आहेत, त्यांची हो आहे का, हे विचारण्याची जबाबदारी काम देणाऱ्याचीही आहे.

इथपर्यंत मी मोठा शहाणा असल्यासारखा बोलत होतो. मग चित्राचा आराखडा आला.

कुलिन घराण्यातल्याच एका तरुण कलाकाराने तो केला होता. पूर्ण भिंतभर पंख पसरलेला गरुड, सगळा रेघांमध्ये, आणि पंखांच्या खाली खाडीचे प्रवाह. हा बुंजिल. कुलिन लोकांच्या श्रद्धेत ही जमीन, झाडं, माणसं घडवणारा, रीत लावून देणारा. आराखडा इतका सुंदर होता की खोलीत कोणी बोलेना. माझ्या पोटात मात्र गोळा आला. ती भिंत पश्चिमेची होती. मेलबर्नहून किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला आहे. म्हणजे दर शुक्रवारी आमच्या सफा बुंजिलकडे तोंड करून उभ्या राहणार होत्या.

जमातीत गरम चर्चा झाली. बुजुर्ग म्हणाले, नमाजीच्या समोर सजीवाचं चित्र नको, आणि हे तर नुसतं चित्रही नाही, त्यांच्या श्रद्धेतला निर्माता आहे. काही जण म्हणाले, दीड तास पडदा ओढू. पोरं म्हणाली, तुम्ही उगाच बाऊ करता. शेवटी ठरलं की मी समितीला लिहावं: गरुडाऐवजी नुसती नक्षी करता येईल का? मी तसं पत्र लिहिलंही. फार सभ्य पत्र होतं. पाठवण्याआधी एक रात्र ठेवलं, ते बरं झालं.

कारण त्या रात्री मी यिरकाला चर्चच्या फळ्यांबद्दल वाचलं. आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला यिरकाला येथे मेथडिस्ट मिशन होतं. नवं चर्च बांधलं तेव्हा योलंगू बुजुर्गांनी १९६३ साली दोन प्रचंड फळे रंगवले, साधारण बारा फूट उंच. त्यांच्या समाजाचे दोन भाग आहेत, एकेका भागाचा एकेक फळा. आपल्या सगळ्या घराण्यांच्या पवित्र कथा त्यांनी चर्चच्या वेदीच्या दोन बाजूंना मांडल्या, की दोन्ही श्रद्धा शेजारी-शेजारी उभ्या राहू शकतात. त्याच वर्षी त्यांच्या जमिनीवर बॉक्साइटची खाण येऊ घातली, तेव्हा याच लोकांनी सालीवर रंगवलेल्या किनारीचे अर्ज संसदेला पाठवले. पुढे सत्तरच्या दशकात एका पाद्र्याला ते फळे चर्चमध्ये खटकले. ते बाहेर काढले गेले आणि उघड्यावर पडून राहिले. आज ते तिथल्याच बुकु-लारंगाय मुल्का या कलाकेंद्रात जपून ठेवले आहेत, पण भिंतीवरून उतरवल्याची गोष्ट कोणी विसरलेलं नाही.

माझं सभ्य पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात आम्ही त्यांच्याच जमिनीवर त्यांना सांगत होतो की तुमचा निर्माता जरा पुसून आम्हाला चालेल अशी नक्षी द्या. त्या पाद्र्याच्या आणि माझ्यात फरक एवढाच होता की मी 'कृपया' लिहिलं होतं.

'पण आपला यांच्याशी काय संबंध, आपण तर काल आलो,' असं जमातीतला एक मुलगा म्हणाला होता. त्याला मी त्याच यिरकालाजवळची दुसरी गोष्ट सांगितली. ब्रिटिशांच्या वसाहती या किनाऱ्यावर होण्याच्या कितीतरी आधीपासून सुलावेसी बेटावरच्या मकासरचे मुसलमान खलाशी दरवर्षी पावसाळी वाऱ्याबरोबर इथे यायचे. समुद्रकाकडी गोळा करायची, उकळून, धुरावर वाळवून चीनच्या बाजाराला पाठवायची. काही महिने राहायचे, योलंगूंशी देवाणघेवाण करायचे, वारा फिरला की परत. १९०६-०७ नंतर सरकारने परवाने बंद केले आणि हे थांबलं. योलंगू भाषांत पैशाला आजही 'रुपिया' म्हणतात. आपलाच रुपया, मकासरच्या गलबतांतून गेलेला. यिरकालाच्या दक्षिणेला वुरवुरवुय येथे जमिनीवर दगड मांडून केलेली चित्रं आहेत: मकासरची गलबतं, आतल्या खोल्यांसकट, आणि समुद्रकाकडी उकळायच्या चुली. २०१३ साली ती राष्ट्रीय वारशाच्या यादीत आली. पाहुण्यांची आठवण यजमानांनी आपल्या जमिनीवर स्वतःहून मांडली, कोणी काम न देता. आणि पुढे देशाच्या मध्यभागी उंट घेऊन आलेले 'अफगाण' म्हणवले जाणारे लोक, ज्यांतले कित्येक ब्रिटिश हिंदुस्थानातले होते, त्यांनी अ‍ॅबोरिजिनल घरांत लग्नं केली, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही आहेत. संबंध नाही असं म्हणायची सोय नाही.

पत्र फाडलं. इमामसाहेबांना घेऊन आँटींकडे गेलो आणि सरळ सांगितलं: चूक माझी आहे. मी सहा बैठकांना बसलो आणि 'पश्चिमेची भिंत' हे शब्द एकदाही तोंडातून काढले नाहीत. आम्ही त्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढतो. चित्र बदला म्हणायला आलो नाही, काय करावं ते विचारायला आलो आहोत.

आँटींनी चहा दिला. म्हणाल्या, घरच्यांशी आणि त्या मुलीशी बोलून सांगते. तीन आठवडे गेले. मग उत्तर आलं: बुंजिल आत नको, तो बाहेर प्रवेशद्वारापाशी, खाडीकडे तोंड करून. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यासमोरून येईल. आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी दुसरी काही नक्षी मिळणार नाही. ती भिंत रिकामी राहू दे.

हे दुसरं वाक्य जमातीतल्या काही जणांना लागलं. मला ते फार आवडलं. आमच्या सोयीची, कोणालाच न दुखवणारी, कसलीच गोष्ट न सांगणारी नक्षी काढून द्यायला त्यांनी नकार दिला. तो त्यांचा हक्क आहे.

गाडी पुन्हा अडली ती पैशावर. प्रकल्प बघणारा अधिकारी म्हणाला, जागा बदलली, भिंतीऐवजी धातूत कापायचं झालं, तरी मूळ रकमेतच नवा आराखडा द्यावा. माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे: कलाकाराने मागितलं तसं काम दिलं होतं. हॉल कोण कसा वापरतं हे मसुद्यात लिहिलेलं नव्हतं, ही काम देणाऱ्यांची चूक, आणि त्यात आम्हीही आलो. दुसऱ्या आराखड्याचे वेगळे पैसे द्या. जमातीने तसं लेखी दिलं, शिवणवर्गाच्या बायकांनी सह्या केल्या, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर ते मान्य झालं. आँटींच्या मानधनाची ओळही बिलात आली. रक्कम फार नाही. पण ओळ आहे.

एक आक्षेप उरतो, आणि तो अ‍ॅबोरिजिनल लोकच जास्त जोरात घेतात. भिंतीवर चित्र लावणं सोपं आहे. १४ ऑक्टोबर २०२३ ला सार्वमत झालं. अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या लोकांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं मंडळ घटनेत असावं का, असा प्रश्न होता. साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं. मेलबर्नच्या मधोमध २०१५ पासून एक उंच इमारत उभी आहे, तिच्या बाल्कन्यांच्या वळणांतून विल्यम बराक यांचा चेहरा दिसतो. वुरुंजेरी ज्येष्ठांची संमती घेऊन केलेला. तरी लोक विचारतात की आत फ्लॅट कोणाचे? या आक्षेपावर माझ्याकडे जोरदार उत्तर नाही. रमजानमध्ये इफ्तारला येऊन फोटो काढणारे आणि नंतर वर्षभर न दिसणारे पुढारी आपण पाहिलेत, त्यामुळे आक्षेप कळतो मात्र नीट. चित्रामुळे कोणाला जमीन परत मिळत नाही. चित्राचं काम देताना निदान नेहमीसारखं लुबाडू नये, एवढंच आमच्या समितीच्या हातात होतं, आणि तेवढ्यासाठी वर्ष गेलं.

बुंजिल आता कारखान्यात कापला जातो आहे. कायद्याने कलाकाराचं नाव तिथे लागणार, आणि उद्या इमारत पाडायची झाली तर तिला आधी कळवावं लागेल. २००० सालच्या कायद्याची ती देणगी. पण दर काही वर्षांनी धातू साफ कोण करणार, गंज आला तर कोणाला विचारून दुरुस्त करणार, यासाठी रक्कम अजून ठेवलेली नाही. पापुन्याच्या शाळेची भिंत डागडुजीतच गेली होती. पुढच्या महिन्यात कौन्सिलपुढे तो विषय आहे. आँटींना रात्रीचा प्रवास झेपत नाही, म्हणून त्यांना आणायला-सोडायला मी गाडी घेऊन जाणार आहे.